महालक्ष्म्या घरात आणि डाळकांदा

सावजी खानावळीला कोणी हॉटेल म्हटलं की आमचे आबाजी चिडत. ‘हाटेलात काय खाता हे इचारतात बाबू, इथं जे शिजलं ते खायचं,’ असं त्यांचं म्हणणं. ही खानावळ नागपुरातल्या तांडापेठेकडच्या कोष्टीपुऱ्यातली. समोरच्या खोलीत हातमाग, मागच्या खोलीत चूल, असं ते मूळचं घर. माग थांबला तेव्हा त्या जागी बाकडी आली. घरोघरी लुगडी विणणाऱ्यांच्या या वस्तीतले कितीतरी जण तोवर एम्प्रेस मिलमध्ये लागलेले होते. आबाजीही त्यातलेच. १८७७ साली टाटांनी सुरू केलेली ती मिल २००२ मध्ये बंद झाली. ते बघायला आबाजी नव्हते, हे बरंच झालं.

पगाराच्या दिवशी ते आम्हा पोरांना तिथं नेत. मालकीणबाईंना सगळी आळी काकू म्हणायची. दगडफूल, खसखस, सुंठ, मिरे, धणे असं काय काय काळपट होईस्तोवर भाजून त्या पाट्यावर वाटायच्या. नेमकं काय किती, ते सुनेलाही म्हणे फार उशिरा सांगितलं. रश्श्याला दाटपणा यायला ज्वारीचं पीठ. आधी सगळं जवसाच्या तेलात होई. मोठ्या माणसांपुढे खूर नाहीतर सुंदरी, म्हणजे बकऱ्याचं आतडं, यायची, आमच्या वाट्याला नुसती तर्री आणि लंबी रोटी. पालथ्या मडक्याखाली निखारे फुललेले असत. काकू पातळ कणकेचा गोळा हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायच्या आणि मडक्यावर अशी पसरायच्या की आम्ही जेवण विसरून तेच बघत बसायचो. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असलं तरी आबाजी फक्त एवढंच विचारायचे, ‘अजून वाढू का?’

मग १९९१चा आखाड आला. श्रावण लागायच्या आधी मटण खाऊन घ्यायचे ते दिवस, त्यामुळे खानावळीत पाय ठेवायला जागा नसायची. ३० जुलैला, मंगळवारी, वर्धा नदी नरखेड तालुक्यातल्या मोवाडात शिरली. २०४ माणसं गेली. आमचे काही सोयरे तिकडचेच. त्यातले जे वाचले ते दोन-चार दिवसांनी अंगावरच्या कपड्यांनिशी नागपूरला आले, तेव्हा आबाजींनी त्यांना घरी न आणता थेट काकूंकडे नेलं. यापुढची कथा प्रत्येक जण वेगळी सांगतो. मोठे काका म्हणतात, काकूंनी त्या दिवशी गिऱ्हाइकं परत पाठवली. आई म्हणायची, तसं काही नाही, गिऱ्हाइकंच ताटं सोडून उठली आणि वाढायला लागली. मला आठवतो तो एक म्हातारा. रस्सा खाताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ते तिखटामुळे की कशामुळे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

मग आलं २०२३. त्या वर्षी महालक्ष्म्यांचं, म्हणजे ज्येष्ठा गौरींचं, जेवण २२ सप्टेंबरला होतं. आमची आत्याबाई अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूच्या वस्तीत राहते. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं साग्रसंगीत झालं. मध्यरात्रीनंतर पावसाने जो जोर धरला, तो चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर कोसळला. तलाव ओसंडला, नागनदीला ते पाणी मावेना, आणि पहाटेपर्यंत आत्याच्या दिवाणखान्यात महालक्ष्म्या कंबरभर पाण्यात उभ्या! विसर्जन त्याच दिवशीचं होतं. आत्याने आधी मुखवटे माळ्यावर ठेवले, मग स्वतः वर गेली. सैन्याचे जवान होड्या घेऊन गल्ल्यांतून फिरताहेत, हे दृश्य नागपुरात बघावं लागेल असं कोणाला वाटलं होतं?

पाणी उतरलं आणि मागे चिखल राहिला. सिलिंडर आडवा, फ्रिज उताणा, पुरणाचं पातेलं शेजाऱ्यांच्या अंगणात सापडलं. माझ्या मुलाने खानावळीत फोन लावला. काकू कधीच गेल्या. आता सून बघते. गणपतीचे दिवस, निम्मी गिऱ्हाइकं मटण खात नाहीत, म्हणून डाळकांदा आणि पाटोडी-रस्साच शिजत होता. तिने मोठा डबा भरून दिला, पैशांचं नावही काढू दिलं नाही. ‘आबाजीच्या घरचे ना तुम्ही? न्या मुकाट्यानं.’

इकडे आत्याबाई अडून बसली. महालक्ष्म्या अजून घरात आहेत, मुखवटे माळ्यावर का असेना, विसर्जन झालेलं नाही, अन् घरात कांदा आणता? मुलगा म्हणाला, ‘आत्याआजी, देवीनं रात्रभर पाणी पेलं, आता तिलेही गरम लागतच असंन.’ आत्याने माळ्याकडे हात जोडले, जिन्याच्या पायरीवर बसली आणि ताट पुढे ओढलं.

मीठ कमी होतं, असं ती अजूनही सांगते. डबा परत न्यायला गेलेला मुलगा सांगतो, तो घासावाही लागला नव्हता.