आबांच्या जीपचं मूळ इंजिन

हिंजवडीत, आयटी पार्कच्या मागं आमच्या पडवीत आबांची जुनी महिंद्रा जीप उभी आहे. परवा गिऱ्हाईक म्हणालं, "डिझेल काढून मूळ पेट्रोल इंजिन बसवा, जास्त देतो."

बरोबरच आहे म्हणा. १९४९पासून मुंबईत जुळणी होणाऱ्या विलीज जीपला २.२ लिटरचं पेट्रोल इंजिनच असे. पण ते शेतकऱ्याच्या खिशाला परवडेना. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत बी-२७५ ट्रॅक्टर काढला. त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन पुढं जीपमध्ये आलं. आवाज दणदणीत, वेग बेताचा, ओढ मात्र ट्रॅक्टरची! नंतर प्यूजोचं २,११२ सीसीचं आलं.

आबांनी पेट्रोल काढून ट्रॅक्टरवालं बसवलं, म्हणून आमची भाजी गुलटेकडीला वेळेत पोचायची. शेत गेलं, इंजिन राहिलंय. गिऱ्हाइकाला नाही म्हणालो.