शिळ्या पानांचा इतिहास

आमच्या एका सर्व्हिसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ओळ होती : टाइमआउट सेकंदांत द्यावा. ती मीच लिहिली होती. आठ महिन्यांनी कोडमध्ये सेकंदांचे मिलिसेकंद झाले, तेही मीच केले. ओळ बदलायची राहून गेली. मग टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने ऑन-कॉलच्या रात्री ते पान वाचून टाइमआउट ३० ठेवला. तिच्या हिशेबाने तीस सेकंद, सर्व्हिसच्या हिशेबाने सेकंदाचा जेमतेम तेहतिसावा भाग. एवढ्या वेळात एकही विनंती पूर्ण होईना. पाऊण तास सगळं ठप्प.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिला विचारलं गेलं, "कोड बघितला नाहीस का?" ती म्हणाली, "डॉक्युमेंटेशन बघितलं." दोघं-तिघं हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

गावाकडे जमिनीचा व्यवहार झाला आणि फेरफार नोंदवला गेला नाही, की सातबाऱ्यावर जुनंच नाव राहतं. कसणारा एक, कागदावर दुसरा. त्यापायी भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. आमच्या धंद्यातही तेच, फक्त आमच्याकडे तलाठी नसतो. त्या आठवड्यात मी ठरवलं की तलाठ्याचं काम यंत्राला द्यायचं : कोड बदलला की डॉक्युमेंटेशन आपोआप बदललं पाहिजे. ते करता करता, हा प्रश्न आपल्याआधी कोणी कसा सोडवला ते वाचत गेलो.

सुरुवात केली १९७१पासून. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं, तारीख ३ नोव्हेंबर. त्याच्या प्रस्तावनेतच आमचं रडगाणं आहे. यंत्रणा इतक्या झपाट्याने बदलत होती, की पुढची पानं लिहून होईपर्यंत आधीची बरीच दुरुस्त करावी लागली, असं ते सांगतात. आणि पुढे म्हणतात, की मॅन्युअलमध्ये वर्णन केलेले काही प्रोग्रॅम मुळात हे मॅन्युअल तयार करायला मदत व्हावी म्हणूनच लिहिले होते. म्हणजे डॉक्युमेंटेशन ताजं ठेवण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणं ही काही आमच्या पिढीची हुशारी नव्हे.

त्या मॅन्युअलमध्ये पानांचा साचा ठरलेला होता. नाव, वापर, वर्णन. मग 'बग्ज', म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःच दिलेली दोषांची कबुली. आणि शेवटी 'ओनर' : या कमांडचा जबाबदार माणूस कोण. तेव्हा मी या शेवटच्या मथळ्यावरून नजर फिरवून पुढे गेलो.

त्याच बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिला. त्यामागचा किस्सा प्रसिद्ध आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एकदा चरफडत आले. सकाळभर ते एका प्रोग्रॅममधली अशी चूक शोधत होते, जी दुरुस्त झालेली होती. दुरुस्ती मूळ फाइलमध्ये होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. चालत होता तो जुनाच प्रोग्रॅम. फेल्डमन यांचा उपाय साधा होता : कुठली फाइल कुठल्या फाइलींवर अवलंबून आहे ते लिहून ठेवा. मूळ फाइलची वेळ तिच्यापासून बनलेल्या फाइलच्या वेळेपेक्षा नवी असेल, तर ती पुन्हा बनवा. २००३ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना यासाठी पुरस्कार दिला.

कंपाइल केलेली फाइल शिळी झाली हे तारखांवरून कळतं. माणसांसाठी लिहिलेल्या वाक्याचं काय? डोनाल्ड कनुथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' या लेखात सुचवलं, की दोन्ही वेगळी ठेवूच नका. प्रोग्रॅम हा माणसाला वाचायला दिलेला निबंध असावा. त्याच एका फाइलमधून एका बाजूने यंत्रासाठी कोड काढावा, दुसऱ्या बाजूने छापण्याजोगा मजकूर. त्यांनी स्वतःचा 'टेक' हा अक्षरजुळणीचा प्रचंड प्रोग्रॅम तसा लिहून दाखवला. पण निबंध लिहिण्याची सवड आणि हौस किती जणांना? धंद्याने त्यातला सोपा भाग उचलला. १९९६ साली आलेल्या जावाबरोबर 'जावाडॉक' होतं : कोडच्या डोक्यावर ठरावीक पद्धतीने शेरा लिहा, त्यातून वेबपानं तयार होतील. मजकूर कोडच्या शेजारी राहायला आला.

मात्र शेजारी राहिलं म्हणजे एकमेकांची खबर असतेच असं नाही. टिम पीटर्स यांनी पायथनसाठी लिहिलेलं 'डॉकटेस्ट' २००१च्या आवृत्तीत आलं, त्याने ही खबर घ्यायला सुरुवात केली. डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण ते खरोखर चालवून बघतं आणि छापलेलं उत्तर तेच येतं का ते तपासतं. पुढे एकमेकांशी बोलणाऱ्या सर्व्हिसेसचा जमाना आला. 'वर्डनिक' या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत टोनी टॅम यांनी 'स्वॅगर' तयार केलं. सर्व्हिसला काय विचारता येतं आणि ती काय उत्तर देते, याचं यंत्राला वाचता येईल असं वर्णन. २०१५ साली ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि 'ओपन-एपीआय' या नावाने रूढ झालं.

माझ्या हाताशी हे सगळं तयार होतं. आमचा कोड गिटहबवर आहे. कोड मर्ज झाला, की टेस्ट, बांधणी, डिप्लॉय असा ठरलेला वर्कफ्लो चालतो. टेस्टनंतर मी एक पायरी घातली : कोडमधून ओपन-एपीआयची फाइल काढ, तिच्यातून पानं बनव, आधीच्या पानांशी ताडून बघ, फरक असेल तर कमिट कर.

पहिल्याच दुपारी ती पायरी स्वतःच्या शेपटीमागे धावायला लागली. गिटहब वर्कफ्लोला एक तात्पुरतं टोकन देतं. त्याने केलेल्या कमिटमुळे नवा वर्कफ्लो सुरू होत नाही. पण आमच्या मुख्य शाखेवर त्या टोकनाला लिहायची परवानगी नव्हती, म्हणून मी माझं वैयक्तिक टोकन वापरलं होतं. त्यामुळे यंत्राचा कमिट गिटहबला माझाच वाटला. नवा कमिट, नवा वर्कफ्लो, पुन्हा पानं. मजकूर तोच असताना दर वेळी फरक कसा निघत होता? पानाच्या तळाशी मी मोठ्या हौसेने 'अद्ययावत केल्याची वेळ' छापत होतो. दर फेरीत बदलत होती ती एवढीच ओळ.

ते निस्तरल्यावर खरी परीक्षा घ्यायची ठरवली. माझा तो सेकंदांचे मिलिसेकंद करणारा जुना कमिट काढला आणि त्यावर नवी पायरी चालवली. त्या रात्रीची फजिती हिने वाचवली असती का?

नसती. टाइमआउट आधी पूर्णांक होता, नंतरही पूर्णांकच होता. यंत्राच्या लेखी काही बदललंच नव्हतं. आणि 'सेकंदांत द्यावा' हे वाक्य कोडच्या डोक्यावरच्या शेऱ्यातून येत होतं, त्याला मी तेव्हाही हात लावला नव्हता. माझ्या पायरीने तेच चुकीचं वाक्य पुन्हा छापलं, आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. शिळ्या ओळीवर ताजी तारीख. तिने ते पान आणखी विश्वासाने वाचलं असतं.

हे बघून मी बराच वेळ नुसता बसलो. मग युनिक्सच्या मॅन्युअलकडे परत गेलो. तिथे 'ओनर' का होता ते आता लक्षात आलं. कोडचा आकार बदलला तर यंत्राला कळतो. अर्थ बदलला, तर तो बदलणाऱ्यालाच माहीत असतं, आणि त्याने सांगितलं नाही तर दुसऱ्या कोणाला कळायची सोय नाही.

मग पायरी बदलली. आता ती स्वतः काही कमिट करत नाही. मर्ज होण्याआधी चालते, पानं जुळत नसतील तर लाल होते, आणि कोड बदलणाऱ्याला पान उघडून वाचावं लागतं. पानावरची उदाहरणं टेस्ट सर्व्हरवर खरोखर चालवली जातात, डॉकटेस्टच्या धर्तीवर. त्यातलं एक मुद्दाम उशिरा येणाऱ्या उत्तराचं आहे. सेकंद-मिलिसेकंदांचा घोळ झाला तर ते तिथेच आपटतं. टाइमआउटच्या नावातच मिलिसेकंद हा शब्द घातला. तळाची तारीख काढून टाकली. तिच्या जागी 'मालक' असा मथळा आला, त्याखाली माझं नाव आहे, आणि त्या पानातला बदल माझ्या संमतीशिवाय मर्ज होत नाही.

हे सगळं टीमला दाखवताना तो जुना कमिटही दाखवला. करणाऱ्याचं नाव पडद्यावर होतंच. "ती ओळ माझी होती," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. नंतर चहाच्या मशिनपाशी तिने विचारलं, "मग तेव्हा का बोलला नाहीस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

गेल्या महिन्यात त्याच पानावर तिला आणखी एक चूक सापडली. एरर कोडच्या अर्थाची, यंत्राला कधीच दिसली नसती अशी. दुरुस्ती तिनेच केली. मालक म्हणून संमतीची विनंती माझ्याकडे आली. मी कोड उघडला, पान उघडलं, दोन्ही ओळ न ओळ वाचलं आणि संमती दिली. मग 'मालक' या मथळ्याखाली माझ्या नावाशेजारी तिचंही नाव घालू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "घाल. पण मग तुझे बदल मी वाचणार."