ध्वनिफीत ते भ्रमणध्वनी : ध्यानप्रसाराचा एक मागोवा

पैनगंगेच्या तीरावरील आपले मेहकर शारंगधराच्या भव्य मूर्तीमुळे सर्वदूर परिचित आहे. मात्र येथे आगगाडी कधी आली नाही. इगतपुरीच्या ध्यानशिबिरास जावयाचे तर आधी एस.टी.ने शेगाव वा अकोला गाठावे लागे. मार्च २०२४ मध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला आणि ती वाट सुकर झाली. परंतु तोवर ध्यान शिकविणारा आवाजच घरोघरी भ्रमणध्वनीवर येऊन पोहोचला होता. तो तेथवर कसा आला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ब्रह्मदेशातील मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोयंका हे यशस्वी व्यापारी होते. अर्धशिशीच्या असह्य वेदनांवर त्यांना मॉर्फिन घ्यावे लागे आणि त्याचेच व्यसन जडण्याची भीती होती. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले. पुढे भारतात राहणाऱ्या त्यांच्या मातोश्रींना मानसिक व्याधी जडली. मातेच्या ओढीने ते १९६९ मध्ये येथे आले आणि त्याच वर्षी जुलैत मुंबईस पहिले शिबिर झाले. साधक किती? आई-वडील आणि अन्य बारा जण! १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली.

साधकांची संख्या वाढली, तेव्हा एकटे गुरू किती ठिकाणी पोहोचणार? १९८० च्या दशकाच्या आरंभी सहायक आचार्य नेमले गेले आणि गोयंकाजींच्या सूचना व प्रवचने ध्वनिफितींवरून ऐकविली जाऊ लागली. यंत्रातून ध्यान शिकविण्याची कल्पना आजची नव्हे, ती अशी जुनी आहे. मात्र तेथे दोन पथ्ये कटाक्षाने पाळली गेली. फीत वाजत असली तरी शंका विचारण्यास, अडखळलेल्यास सावरण्यास आचार्य समोर बसलेले असत. आणि शिकवणुकीचे मोल घेतले जात नसे. शिबिर पूर्ण केलेला साधक स्वेच्छेने दान देई, ते पुढच्या साधकासाठी. हाच शिरस्ता आजही आहे. (गमतीची बाब अशी की, तेथे प्रवेश करताना भ्रमणध्वनी मात्र जमा करावा लागतो.)

व्यापारी कंपन्यांनी प्रारंभी ही दोन्ही पथ्ये बाजूस ठेवली. २०१० मध्ये लंडनला ‘हेडस्पेस’ स्थापन झाली. तिचे एक संस्थापक अँडी पुडिकोम्ब हे पूर्वाश्रमीचे बौद्ध भिक्षू. २०१२ मध्ये ‘काम’ ही कंपनी आली. दहा मिनिटांचे ध्यान, निद्रेसाठी कथा आणि त्यासाठी वार्षिक वर्गणी, असा हा व्यवहार. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाची सवय असलेल्यांना दहा मिनिटे थोडी वाटतील. तथापि कधीच न बसणारा मनुष्य तेवढे बसला, हेही उणे नव्हे. प्रस्तुत लेखकास खटकते ते निराळेच. ज्याचे मन शांत झाले त्याला यंत्राची गरज उरत नाही, आणि कंपनीची मिळकत तर त्याने वर्गणी चालू ठेवण्यावर असते.

पुढे काय घडले ते महत्त्वाचे. २०२१ मध्ये हेडस्पेसचे ‘जिंजर’शी विलीनीकरण झाले, ही दुसरी कंपनी समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध करून देणारी. आपल्या मुंबईतही तेच दिसते. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अमित मलिक यांनी २०१६ मध्ये ‘इनरअवर’ सुरू केले. त्यात स्वतःच करावयाचे स्वाध्याय होते. २०२२ मध्ये त्याचे ‘अमाहा’ असे नामांतर झाले. आज तेथे प्रत्यक्ष डॉक्टर आहेत, दवाखाने आहेत. केवळ आवाजाने भागत नाही, हे कंपन्यांना दहा-बारा वर्षांत उमगले. विपश्यना केंद्रेही गंभीर मनोविकार असलेल्यांस शिबिराला न येण्याचेच सुचवितात.

आपल्या भागात ही चर्चा केवळ शहरी हौसेची नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र सरकारने ज्या सहा विदर्भीय जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलडाणा होता. कर्जाने खचलेला मनुष्य वर्गणी भरून इंग्रजी आवाज ऐकत बसेल, ही अपेक्षाच व्यर्थ. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. पलीकडे ध्वनिफीत नसते, समुपदेशक असतो.