वृद्धाश्रम, होमकेअरमधून हॉस्पिटलच्या वॉर्डात जायचंय? नर्स भगिनींनी आधी हे वाचा

आपल्या भागातल्या बऱ्याच मुली एएनएम, जीएनएम करून पुण्या-मुंबईकडं वृद्धाश्रमात किंवा होमकेअर एजन्सीत कामाला लागतात. राहायची-खायची सोय होते. पण दोन-तीन वर्षं झाली की हॉस्पिटलचा वॉर्ड, आयसीयू करावा असं वाटू लागतं. तिथं काय बदलतं आणि तयारी काय करायची, त्याची ही माहिती.

आधी कागद बघा

हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स म्हणून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग लागतं. एएनएम झालेल्यांना जीएनएमला प्रवेश घेता येतो. जीएनएमवाल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असली पाहिजे. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. काही महिन्यांचा पेशंट केअरचा कोर्स केलेल्यांना ही नोंदणी मिळत नाही. फी भरण्याआधीच हे विचारून घ्या.

एजन्सी सोडताना अनुभवाचं पत्र जरूर घ्या. नुसतं "काम केले" असं नको. कॅथेटर, राइल्स ट्यूब, ट्रॅकिओस्टॉमी, इन्सुलिन, जखमेचं ड्रेसिंग, जे केलं ते त्यात लिहून घ्या.

काम कुठं बदलतं

वृद्धाश्रमात तोच पेशंट महिनोन् महिने असतो, फरक हळूहळू पडतो. वॉर्डात सकाळी बोलणारा पेशंट दुपारी गंभीर होऊ शकतो. म्हणून आकडे तोंडपाठ पाहिजेत. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, ऑक्सिजन साधारण ९४ च्या वर. यात श्वास मोजायचाच कंटाळा केला जातो. पण बीपी पडायच्या आधी बऱ्याचदा श्वासच वाढतो. पीक वाळायच्या आधी पान सांगतं, तसंच हे. अंदाजानं आकडा लिहिला तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

दुसरं, डॉक्टरांना फोन. "सर, पेशंटला बरं वाटत नाही" एवढ्यावर भागत नाही. असं सांगावं: "सर, बेड नंबर चार, काल पोटाचं ऑपरेशन झालंय. श्वास १८ वरून २८ झालाय, ऑक्सिजन ९०, बीपी १०० बाय ६०. तुम्ही लगेच येऊन बघा." आधी कोण, मग काय झालं, मग आकडे, शेवटी काय पाहिजे.

तिसरं, सलाइनचा हिशोब. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय आणि सेट २० थेंबांना १ मिलीचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेटला ६० थेंबांना १ मिली. सेटच्या पाकिटावर बघूनच हिशोब करा.

जुनं काम वाया जात नाही

दर दोन तासांनी कूस बदलणं, बेडसोर पहिल्या लालीलाच ओळखणं, तोंडाची स्वच्छता, घाबरलेल्या नातेवाइकांशी नीट बोलणं, हे तुमच्या हातात बसलेलं असतं. आयसीयूत बेशुद्ध पेशंटला हेच लागतं. मुलाखतीत लाजू नका, सांगा.

तयारी कशी करायची

बीएलएस म्हणजे जीव वाचवायचं प्राथमिक प्रशिक्षण आधी करा. त्यात छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, आणि ३० दाबांनंतर २ श्वास, हे हातानं करून घेतात. ईसीजी लावणं, इन्फ्युजन पंप, क्रॅश कार्टमधली औषधं पुन्हा वाचा.

एकदम मोठ्या आयसीयूचा हट्ट नको. आधी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जनरल वॉर्ड करा, मग कॅज्युअल्टी, मग आयसीयू. पुढं क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे.

नोकरी घेताना विचारा: सुरुवातीला सिनियर सिस्टरच्या हाताखाली किती दिवस ठेवणार? एका नर्सकडं किती पेशंट? व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स हा निकष आहे. पहिल्याच आठवड्यात एकटीला नाइट लावणार असतील तर विचार करा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडं ठेवू नका, दाखवून परत घ्या आणि झेरॉक्स द्या.

पहिले दोन-तीन महिने जड जातात. येत नसेल ते सिस्टरला विचारायचं. औषध द्यायच्या आधी विचारलं तर कुणी कमी समजत नाही.