सिसिली जॉर्डनचा नकार

इंग्रज व्यापारी सुरतेस वखार घालण्याच्या खटपटींत होते, त्याच सुमारास त्यांच्याच देशाची दुसरी एक कंपनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनियाची वसाहत वसवीत होती. जेम्स नदीच्या कांठीं जंगल तोडून माणसें राहूं लागलीं. ज्यांची भूमि अशी व्यापिली जात होती, त्या मूळच्या रहिवाशांनीं २२ मार्च १६२२ रोजीं अकस्मात् हल्ला करून ३४७ वसाहतवाले कापून काढले. सॅम्युएल जॉर्डन या गृहस्थानें मात्र आपल्या वाडीस तटबंदी केली, वाट चुकलेल्यांस आसरा दिला आणि तो तेथेंच पाय रोवून राहिला. पुढल्या वर्षाच्या आरंभीं तो वारला. त्याची तरुण पत्नी सिसिली त्या वेळीं गरोदर होती.

सरहद्दीवरच्या त्या मुलखांत पुरुष पुष्कळ व स्त्रिया थोड्या. शिवाय, लग्न होतांच पत्नीची जंगम मिळकत नवऱ्याची व्हावी आणि तिच्या जमिनीचा कारभारही त्याच्याच हातीं जावा, असा तत्कालीन इंग्रजी कायदा होता. तेव्हां वाडीची मालकीण असलेल्या विधवेस मागणी येण्यास उशीर कसा लागणार? पतीच्या निधनास तीन-चार दिवस होतात न होतात तोंच ग्रेव्हिल पूली नांवाच्या पाद्र्यानें कॅप्टन मॅडिसन यास मध्यस्थ घालून मागणी केली. बाळंतपण होईपर्यंत लग्न करावयाचें नाहीं, असें सिसिलीनें कळविलें. पुढें भेटींत मद्याचा पेला फिरला. पूलीनें तिचा हात धरून विवाहाचीं वचनें उच्चारलीं. इतकेंच नव्हे, तर वधूनें म्हणावयाचीं वचनेंही स्वतःच म्हणून टाकलीं! ही गोष्ट गुप्त ठेवावी, एवढेंच सिसिलीचें मागणें होतें. पण पूलीला धीर निघाला नाहीं; त्यानें ती गांवभर केली.

आतां सिसिलीनें निराळाच उपाय योजला. तिनें थेट गव्हर्नर व त्याचें मंडळ यांच्यासमोर उभें राहून विल्यम फॅरार यास वरल्याचें जाहीर केलें आणि पूलीशीं झालेला म्हणविला जाणारा करार नाकारला. घरांत कुजबुजलेल्या वचनास तिनें भर दरबारांतील वचनानें उत्तर दिलें.

१६२३ सालीं पूलीनें फिर्याद केली. सिसिलीच्या तोंडून तीं वचनें आपण ऐकलीं नाहींत, अशी साक्ष खुद्द मॅडिसननेंच दिली. मंडळास निर्णय करवेना. प्रकरण समुद्रापार लंडनास कंपनीकडे गेलें. तेथील कायदेपंडितांचाही निकाल लागला नाहीं. अखेर जानेवारी १६२५ मध्यें पूलीनें दावा सोडला आणि पुन्हा कधीं हक्क सांगणार नाहीं म्हणून ५०० पौंडांचा मुचलका लिहून दिला. सिसिली फॅरारची पत्नी झाली.

दरम्यान, १६२४ सालीं गव्हर्नर सर फ्रान्सिस वायट यानें हुकूम काढला कीं, एकाच वेळीं दोघांस विवाहाचें वचन देणाऱ्या स्त्रीस अगर पुरुषास शारीरिक शिक्षा अथवा द्रव्यदंड व्हावा. स्त्रीच्या तोंडचे शब्द स्वतःच उच्चारणाऱ्या पुरुषास कोणता दंड, याविषयीं मात्र हुकूम निघाला नाहीं. तरीही सुमारें दीड वर्ष खटला चालून जें वचन सिसिलीनें दिलेंच नव्हतें, तें तिच्या मुखीं कोणासही घालतां आलें नाहीं. संमति ज्याची त्यानेंच द्यावयाची असते, हा धडा त्या रानवट वसाहतीस एका विधवेनें घालून दिला.