थेट परकीय गुंतवणूक आणि राजकीय स्वातंत्र्य : नर्मदा खोऱ्याचा अनुभव

एखादी कंपनी परदेशातील उद्योगात मालकी हिस्सा घेऊन त्याच्या व्यवस्थापनात सहभागी होते, तेव्हा तिला थेट परकीय गुंतवणूक म्हणतात. जागतिकीकरणाने अशा भांडवलाचा मार्ग मोकळा केला. मात्र राजकीय स्वातंत्र्य त्यास पोषक ठरते की अडसर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. २००३ मध्ये नेथन जेन्सन यांनी लोकशाही देशांकडे अधिक गुंतवणूक जाते, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी क्वान ली व अ‍ॅडम रेसनिक यांनी, मालमत्ता हक्कांचे संरक्षण वगळता लोकशाहीचे अन्य परिणाम गुंतवणुकीस प्रतिकूल असल्याचा निष्कर्ष काढला. नर्मदा खोऱ्यातील दोन धरणे हा प्रश्न स्पष्ट करतात.

जबलपूरजवळील बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. जबलपूर, मंडला व सिवनी जिल्ह्यांतील १६२ गावे त्यामुळे बाधित झाली. प्रकल्प सार्वजनिक निधीतून उभा राहिला. त्यामुळे विस्थापितांना आपले गाऱ्हाणे केवळ सरकारपुढेच मांडता येत होते आणि त्यांच्या विरोधाने भांडवलाचा ओघ थांबण्याची शक्यता नव्हती.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर वीजनिर्मिती क्षेत्र खासगी व परकीय भांडवलास खुले झाले. खरगोन जिल्ह्यातील ४०० मेगावॅट क्षमतेचा महेश्वर प्रकल्प एस. कुमार्स समूहाकडे सोपविण्यात आला. बाधित होणाऱ्या ६१ गावांतील ग्रामस्थांनी नर्मदा बचाओ आंदोलनाच्या नेतृत्वाखाली विरोध केला आणि तो जर्मनीपर्यंत पोहोचला. १९९९ मध्ये बायर्नवेर्क व व्हीईडब्ल्यू या जर्मन कंपन्यांनी माघार घेतली. २००० मध्ये जर्मन सरकारने नेमलेल्या पथकाने पुनर्वसनातील गंभीर त्रुटी दाखविल्या. त्यानंतर सीमेन्सने निर्यात हमीचा अर्ज मागे घेतला, तर वर्षअखेरीस अमेरिकेची ऑग्डेन कंपनीही बाहेर पडली.

सभा, आंदोलन व मुद्रण यांचे स्वातंत्र्य दोन्ही देशांत होते, म्हणूनच हे घडू शकले. भांडवलाने सीमा ओलांडली, तशी त्याविरुद्धची तक्रारही ओलांडली. परंतु परकीय कंपन्यांच्या माघारीने गावांचा प्रश्न सुटला नाही. सरकारी वित्तसंस्थांच्या कर्जावर बांधकाम सुरू राहिले. अखेर रखडलेल्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार मध्य प्रदेश सरकारने २०२० मध्ये रद्द केला.

एका प्रकल्पातील माघारीवरून देशाविषयी सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. २०२१-२२ मध्ये भारतात सुमारे ८५ अब्ज डॉलरची थेट परकीय गुंतवणूक आली. दुसरीकडे, राजकीय स्वातंत्र्य मर्यादित असलेल्या चीननेही अनेक वर्षे प्रचंड भांडवल आकर्षित केले. बाजारपेठेचा आकार, पायाभूत सुविधा व करारांची विश्वासार्हता हे घटक तितकेच महत्त्वाचे ठरतात. राजकीय स्वातंत्र्य प्रकल्पाचा दडलेला सामाजिक खर्च वेळीच उघड करते. तो खर्च आरंभीच हिशेबात धरल्यास विस्थापित व गुंतवणूकदार दोघांचेही नुकसान टळू शकते.