गिरण्या गेल्या, धूळ राहिली

आमच्या आजोबांची उमेदीची वर्षं सोलापूरच्या ‘जुनी मिल’ या गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात गेली. 1877 साली सुरू झालेल्या या मिलनं सोलापूरला गिरणगाव केलं. पुढे नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. आजोबा घरी येत तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. सुट्टीनंतर कामावर गेले की त्या दिवशी छाती हमखास दाटायची. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. घरात तो आजार धरलाच जात नव्हता. धुराड्यातून धूर काळा निघतो की पांढरा, एवढीच तेव्हा हवेची पारख.

मोजणी आली ती फार उशिरा. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970चं, हवेचा केंद्रीय कायदा 1981चा. पुढे सोलापुरात सात रस्ता आणि वालचंद तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारात हवेचे नमुने घेतले जाऊ लागले. मी रसायनशास्त्राचा माणूस, त्यामुळे नमुने घेणारं यंत्र मला फार आवडायचं. पत्र्याच्या पेटीत पंखा घोंघावत असतो. जाड धूळ खालच्या भांड्यात पडते, बारीक धूळ वरच्या पांढऱ्या काचतंतूंच्या कागदावर बसते. आठ तासांत सुमारे 500 घनमीटर हवा त्यातून जाते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा, फरक मिलिग्रॅमांत. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला 104 नोंदी. कोरा कागद करडा होऊन निघतो, आणि तेच आपण श्वासातून घेतलेलं असतं.

2003 साली सर्वोच्च न्यायालयानं श्वसनातून आत जाणाऱ्या धुळीबद्दल चिंता व्यक्त केलेल्या शहरांत मुंबई, कोलकाता, अहमदाबाद यांच्याबरोबर सोलापूरचंही नाव होतं. तोवर जुनी मिल आणि लक्ष्मी-विष्णू दोन्ही बंद पडल्या होत्या! धुराडी थंडावली तरी हवा सुधारली नाही. सल्फर डायऑक्साइड मर्यादेत. धूळ मात्र घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या वार्षिक मर्यादेच्या वर.

ही धूळ आमच्या रस्त्यांची आहे. पाऊस बेताचा, माती काळी, रस्त्याच्या कडा उघड्या, आणि पुणे, हैदराबाद, विजापूरकडची अवजड वाहनं शहराला खेटून जाणारी. मंडळ मोजतं, पण रस्ता झाडणं, कडेला फरशी बसवणं, बांधकामाची माती झाकायला लावणं हे महापालिकेचं काम. इतकी वर्षं आकडा एका कचेरीत आणि झाडू दुसऱ्या कचेरीत राहिला, हे मला सर्वांत मोठं दुखणं वाटतं.

2019च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या 17 शहरांत सोलापूर आलं, आणि हवेसाठीचा निधी महापालिकेकडे येऊ लागला. उद्दिष्ट आधी 2024पर्यंत धुळीत 20 ते 30 टक्के घट, मग 2026पर्यंत 40 टक्के. त्या पैशातून कोणत्या रस्त्याच्या कडा पक्क्या झाल्या आणि तिथला आकडा किती उतरला, हे महापालिकेनं दरवर्षी प्रभागवार छापून द्यावं. कार्डिंग खात्यातल्या माणसाला कोणी आकडा सांगितला नव्हता. त्याच्या नातवंडांना तरी तो मिळायला हवा.